निकालाच्या दिवशी एव्होरा

ए-लेव्हलच्या निकालाच्या दिवशी आपण इंग्लंडमध्ये नसायचं, हे आमच्या लेकीनंच ठरवलं होतं. ए-लेव्हल म्हणजे इथली बारावी. आमच्या रीडिंग गावात तिच्या शाळेत त्या सकाळी सगळी मुलं हॉलमध्ये जमतात, पाकिटं फोडतात, कुणी रडतं, कुणी किंचाळतं, आणि कुठल्याशा पेपरचा फोटोग्राफर मुलींना हातात निकाल धरून उड्या मारायला लावतो.

"मला तिथे उभं राहायची नाहीये," ती म्हणाली. तिचा जन्म इथला. मराठी बोलते ती अगदी मनापासून, पण लिंगांशी तिचं कधी जमलं नाही. "निकाल तर फोनवर पण येते. मग आपण कुठेही असू शकतो ना?"

नवऱ्याला ऑफिसातून नेमकी त्याच आठवड्यात रजा मिळत होती. म्हणून लिस्बनची तिकिटं काढली. निकालाचा दिवस हॉटेलच्या खोलीत फोनकडे बघत काढायला नको, म्हणून मी त्या दिवसाची एक सहल ठरवून टाकली. छोटी व्हॅन, मोजकी माणसं, गाईडच गाडी चालवणार. जायचं एव्होराला. पठारावरचं जुनं गाव, रोमन देवळाचे खांब, कॅथीड्रल आणि माणसांच्या हाडांनी भिंती बांधलेलं एक चॅपल. तेवढंच पोरीचं मन रमेल, असं मला वाटलं होतं.

तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणापासून. नवऱ्याचं गाव साताऱ्याकडचं, तिथे सुट्टीला गेलो की ही गोठ्यातून बाहेर यायची नाही. दीर तिला चिडवायचे, "लंडनला शिकून म्हशींची डॉक्टर होणार होय गं?" इंग्लंडात त्या कोर्सला जागा फार थोड्या. एका विद्यापीठानं तिला अट घालून प्रवेश दिला होता, तिन्ही विषयांत ए मिळाला पाहिजे. अशा वेळी मुलं आणखी एक सोपी जागा हाताशी धरून ठेवतात. त्या जागेला सगळे 'इन्शुरन्स'च म्हणतात. पहिली हुकली तर दुसरी आपोआप मिळते. तिनं झूऑलॉजीची जागा अशी धरून ठेवली आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

नवऱ्याबद्दल एक सांगायला हवं. तो तसा कमी बोलणारा, पण त्याची एक गोष्ट आमच्या ओळखीच्या सगळ्यांना पाठ आहे. गणपतीत चार माणसं जमली आणि कुणी नवीन मुलगा भारतातून आलेला असला, की हा सुरू करायचा. "मी हिथ्रोला उतरलो तेव्हा खिशात परतीचं तिकीट नव्हतं. पुण्याची नोकरी सोडून आलो होतो. मागचे दोर कापले ना, की माणूस झक मारत लढतो." लग्न होऊन मी आले ती त्यानंतर दोन वर्षांनी, त्यामुळे मलाही ही गोष्ट त्याच्याकडूनच कळलेली. लेकीच्या प्रत्येक परीक्षेआधी तिला ती ऐकावी लागायची. ती डोळे फिरवायची, पण ऐकायची.

सकाळी व्हॅन हॉटेलसमोर आली. गाईड पन्नाशीची, आखूड केसांची, मोकळी बाई. नवऱ्याला गाडी लागते म्हणून तो तिच्या शेजारी पुढे बसला. मधल्या रांगांत यॉर्कशरचं एक निवृत्त जोडपं आणि ब्राझीलच्या दोघी बहिणी. मागच्या सीटवर मी आणि लेक.

नदीवरचा तो न संपणारा पूल ओलांडून आम्ही पलीकडे आलो, आणि माझ्या लक्षात आलं की लेकीचा मघापासून हलणारा गुडघा थांबला आहे. तिनं फोन माझ्या मांडीवर ठेवला. दोन ए. केमिस्ट्रीत बी. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की अरे वा, चांगले आहेत. मग खालची ओळ वाचली. विद्यापीठानं प्रवेश नाकारला होता.

"असू दे," मी अगदी हळू म्हटलं. "दुसरी आहे ना. झूऑलॉजीची."



"नाहीये, आई."

"नाहीये म्हणजे?"

"मी ठेवलीच नाही. बाकी सगळी सोडून दिली. बॅकअप असला की मन तिकडे पळते. बाबा म्हणतो ना."

 पुढे नवऱ्याची मान दिसत होती, नवीन कापलेले केस आणि कानामागे लावलेलं सनस्क्रीन. तिनं माझं मनगट धरलं. "बाबांना आत्ता नको. प्लीज. गाडीत नको."

त्याच क्षणी तो मागे वळला. "आलं का गं काही?"

"नेट नाहीये, बाबा."

तो पुन्हा समोर बघायला लागला. गाईड सांगत होती की इथून पुढे बुचाच्या झाडांचा, म्हणजे ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करतात त्यांचा मुलूख लागतो. बाहेर गवत वाळून पिवळंधमक झालेलं, मधूनच एखादं काळपट झाड, विजेच्या खांबांवर करकोच्यांची मोठमोठी घरटी. मी त्या घरट्यांकडे बघण्याचं नाटक करत होते. थोड्या वेळानं नवऱ्याच्या फोनवर टणाटण मेसेज यायला लागले. इंग्लंडातल्या मराठी मंडळींचा ग्रुप. तो मागे न बघता मोठ्यानं वाचायला लागला.

"वेम्बलीच्या त्या दोघांची मुलगी आहे ना, तिला लॉ मिळालं. पेढ्यांचा फोटो टाकलाय." मग थोड्या वेळानं, "इल्फर्डवाल्यांच्या मुलाचं पण झालं. तीन ए स्टार."

लेकीची बोटं माझ्या मनगटात रुतत होती.

मग तो पूर्ण वळून बसला, पट्टा ताणून. "माझ्या फोनला तर फुल सिग्नल आहे."

"माझी नेटवर्क वेगळी आहे ना."

"मग माझ्यावर बघ. घे." त्यानं फोन मागे धरला. यॉर्कशरच्या बाईंनी तो घेऊन हसत लेकीपर्यंत पोचवला. लेकीनं तो हातात धरला आणि बघतच राहिली. मी म्हटलं, "अरे, तिला गाडीत फोन बघून मळमळतंय. उतरल्यावर बघेल." मळमळणं ही त्याला पटणारी गोष्ट होती.  पण पुन्हा समोर वळायच्या आधी त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

बुचाच्या झाडांपाशी गाडी थांबली. खोडांची साल बुंध्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत सोललेली, आतलं अंग विटेसारखं तांबडं, त्यावर पांढऱ्या रंगात आकडे. गाईड सगळ्यांना घेऊन एका झाडाखाली गेली आणि साल कशी काढतात ते सांगू लागली. नवरा त्या घोळक्यात गेलाच नाही. सरळ आमच्याकडे आला.

"काय झालंय?"

लेकीनं सांगितलं. इंग्लिशमध्ये सांगितलं, एका दमात, जमिनीकडे बघत. दोन ए, एक बी, नाकारलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज शांत होता आणि मला त्याचीच भीती वाटली. "झूऑलॉजी पण काही वाईट नाही."

"ती पण नाहीये."

"का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "तिनं ठेवली नव्हती. दोर कापले होते म्हणे."

मी हे टोचून बोलले नव्हते, निदान तसं मनात नव्हतं. पण त्याचा चेहरा पांढरा पडला. तो खिसे चाचपायला लागला, मग त्याला आठवलं की फोन लेकीच्या हातात आहे.

"फोन लाव," तो म्हणाला. "विद्यापीठाला. आत्ता. एका मार्कानं हुकलं असेल तर घेतात कधी कधी. आणि नाहीच घेतलं तर क्लिअरिंग असतं."

क्लिअरिंग म्हणजे उरलेल्या जागांचा बाजार. निकालाच्या दिवशी मुलं विद्यापीठांना फोन करत सुटतात, आणि जो आधी पोचेल त्याला जागा. देशभरातली मुलं त्या वेळी फोनला चिकटलेली होती, आणि आम्ही पोर्तुगालच्या पठारावर सोललेल्या झाडांमध्ये उभे होतो.

तिनं त्याचा फोन त्याला परत दिला, आपल्या फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. बराच वेळ संगीत वाजत राहिलं. मग एका तरुण मुलाचा आवाज आला. लेक "हॅलो" म्हणून अडखळली, तसा नवऱ्यानं तिच्या हातातून फोन घेतला.

"गुड मॉर्निंग. मी तिचे वडील बोलतोय. तिच्या केमिस्ट्रीचं…"

"माफ करा सर," तो मुलगा म्हणाला. "मला फक्त अर्जदाराशी बोलता येईल."

"ती इथेच उभी आहे, माझ्या शेजारी."

"मग फोन तिच्याकडे द्या, सर."

मी रीडिंगच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, फोनवर बसते. कौन्सिलनं भाड्यानं दिलेल्या घरांच्या तक्रारी घेते. कुणाची मुलगी, कुणाचा नवरा फोन करतो आणि मी दिवसातून कितीतरी वेळा हेच वाक्य म्हणते, अगदी ह्याच गोड आवाजात. मला फक्त भाडेकरूशी बोलता येईल. समोरचा माणूस का चिडतो, हे मला त्या झाडाखाली कळलं. नवरा आणखी काही बोलणार, तेवढ्यात लाइन कट झाली. सिग्नल गेला होता.

गाईड टाळ्या वाजवून सगळ्यांना गाडीकडे बोलवत होती.

 उरलेल्या रस्त्यात लेक परत परत नंबर लावत होती, संगीत ऐकत होती, आणि प्रत्येक वळणाला संगीत तुटत होतं. यॉर्कशरच्या गृहस्थांनी एकदा मागे बघून म्हटलं, "ते जरा हळू करता येईल का?" तिनं फोन कानाला घट्ट दाबला. त्यांच्या बायकोनं त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

एव्होरा टेकडीवर आहे. पांढऱ्या भिंती, त्यांना खाली आणि कडेनं हळदीसारखे पिवळे पट्टे. गावात पाणी आणणाऱ्या जुन्या उंच पाटाच्या कमानींमध्ये लोकांनी घरं बांधलेली, एका कमानीतून तर चक्क दार आणि दाराला टपालाची पेटी. एरवी मी तिथे अर्धा तास उभी राहिले असते. ऊन असं होतं की दगडावर हात ठेववत नव्हता. गाईड रोमन देवळाच्या खांबांसमोर उभी राहून बोलत होती आणि आमची लेक दहा हात अंतरावर, भिंतीच्या पट्टीएवढ्या सावलीत, फोन कानाला लावून उभी. नवरा तिच्या आणि घोळक्याच्या मध्ये येरझाऱ्या घालत होता.

तिथेच तिचा फोन बंद पडला.

"माझी बॅटरी मेला," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. नवऱ्यानं आपला फोन तिच्या हातात दिला. "हा घे. मी आता मध्ये बोलणार नाही. तूच बोल. पण काहीही दिलं तरी घे. ऐकतेस ना? काहीही."

आम्ही खाली मोठ्या चौकात आलो. कमानींखाली सावलीत हॉटेलांची टेबलं मांडलेली. गाईडला मी एव्हाना थोडक्यात सांगितलं होतं. तिनं बाकीच्यांना हाडांच्या चॅपलकडे न्यायचं ठरवलं आणि आम्हाला एका टेबलाशी बसवून, वेटरला काहीतरी सांगून ती गेली. मग संगीत थांबलं आणि त्याच विद्यापीठातली एक बाई स्पीकरवर आली. ह्या वेळी लेक नीट बोलली. नाव, अर्ज, विषय. बाई मध्ये मध्ये टाइप करत असावी. मग तिनं सांगितलं की व्हेटरनरीच्या जागा भरल्या आहेत, तिथे काही होणार नाही. पण ॲनिमल सायन्सला जागा आहे आणि हे मार्क पाहून ते ती आत्ता, लगेच देऊ शकतात.

नवरा टेबलाच्या पलीकडून जोरजोरात मान हलवत होता. हो. हो म्हण. मीही हलवत होते, खोटं कशाला बोलू.

लेकीनं विचारलं, "तिथून पुढे व्हेटरनरीला जाता येतं का?"

"खात्री देता येणार नाही," बाई म्हणाली. "बहुतेकांना नाही जाता येत."

लेकीनं आमच्या दोघांकडे बघितलं. मग म्हणाली, "मग थँक यू. पण मला नको." आणि तिनं फोन ठेवला.

पुढचं मला आठवायला आवडत नाही. नवरा कधी आवाज चढवत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तो चढलेला एखाद-दुसऱ्यांदाच ऐकला असेल. त्या चौकात तो उभा राहिला आणि मराठीत ओरडला. "अक्कल गहाण टाकलीस का? समोर आलेलं ताट लाथाडतेस? आता काय करणार आहेस, घरी बसणार आहेस?" शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून बघत होते. भाषा कळत नसली तरी बाप मुलीवर ओरडतोय हे कुठेही कळतं.

ती पण उभी राहिली. "तूच सांगितली ना! दुसरी काही ठेवायचं नाही, तेव्हाच होते! मी तेच केली! आता ते चूक आहे? मग आधी का नाही सांगितली?"

 तो खुर्ची मागे ढकलून चालायला लागला. मी दोनदा हाक मारली. त्यानं मागे बघितलं नाही. चौकाच्या कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला.

आधी मला वाटलं, एक चक्कर मारून येईल. वेटरनं पाणी आणलं. लेक डोकं टेबलावर ठेवून बसली होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, पण लक्ष कोपऱ्याकडे. तो आला नाही. मग माझ्या लक्षात आलं की त्याचा फोन आमच्यापाशी आहे. टोपी पण खुर्चीवरच राहिली होती. त्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे. सकाळी गाडी लागू नये म्हणून त्यानं काही खाल्लेलं नव्हतं.

"तू इथून हलू नकोस," मी लेकीला म्हटलं, आणि निघाले.

त्या गल्ल्या सगळ्या सारख्या. पांढऱ्या, पिवळ्या, आणि दुपारच्या उन्हात चिटपाखरू नाही. खिडक्यांच्या झडपा लावलेल्या. एका गल्लीतून वर गेले तर परत त्या खांबांपाशी आले. तिथे तो नव्हता. कॅथीड्रलमध्ये डोकावले, आत एक बाई फरशी पुसत होती, बाकी कुणी नाही. चपलेत घामानं पाय सरकत होते. मनात नाही नाही ते येत होतं. एका वळणावर माणूस भिंतीला टेकून खाली बसलेला दिसला. जवळ गेले तर तो तिथलाच कुणी म्हातारा, सावलीत विसावलेला. त्यानं मला काहीतरी विचारलं. मला फक्त मान हलवता आली.

खाली उतरताना समोरून यॉर्कशरचे ते गृहस्थ येताना दिसले. हातात पाण्याची बाटली, चेहरा टोमॅटोसारखा लाल. मला वाटलं, आता हे उशिराबद्दल बोलणार. सकाळपासून त्यांचं गाईडला विचारून झालं होतं, की परत वेळेवर पोचू ना. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "तुमचे मिस्टर हाडांच्या चॅपलमध्ये आहेत. बराच वेळ झाला. मला त्यांची तब्येत ठीक दिसली नाही, म्हणून मी तुम्हालाच शोधत होतो." त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. "त्यांना पाजा. मी तुमच्या मुलीजवळ जाऊन बसतो, माझी बायको तिथे गेलीच आहे."

मी धावतच गेले. एका मोठ्या चर्चच्या बाजूला ते चॅपल. आत गार आणि काळोख. भिंती, खांब, सगळं हाडांचं, मांडीची हाडं लाकडांसारखी रचलेली आणि मध्ये कवट्यांच्या रांगा. दाराशी उभ्या माणसानं माझ्याकडे तिकीट मागितलं, पण माझा चेहरा बघून तो बाजूला झाला. नवरा कोपऱ्यात एका खांबाच्या पायथ्याशी बसला होता. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. मी त्याला पाणी पाजलं, रुमाल भिजवून मानेवर ठेवला. 

"बाहेर चक्कर आली," तो म्हणाला. "इथे गार होतं."

"डॉक्टरला बोलवू?"

"नको. बस."

मी बसले. पर्यटकांचा एक घोळका आला, कवट्यांचे फोटो काढून गेला. मग तो खाली बघत म्हणाला, "माझ्याकडे तिकीट होतं."

मला वाटलं, चॅपलचं म्हणतोय.

"परतीचं. इकडे आलो तेव्हा. कंपनीनंच काढून दिलं होतं, जायचं-यायचं. आणि पुण्याची नोकरी पण सोडली नव्हती, त्यांच्याच कामावर आलो होतो. सहा महिन्यांनी इथे दुसरी मिळाली, तेव्हा राजीनामा पाठवला."

मी रुमाल पुन्हा भिजवून त्याच्या मानेवर ठेवला.

"पहिल्यांदा कुणाला तरी धीर द्यायला बोललो. नुसतं असंच. मग लोकांना आवडायला लागलं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तिला किती वेळा सांगितलं असेल मी ते."

मला राग आला होता का? हो, आला होता. दोन दशकं मीही ती गोष्ट ऐकत मान डोलावली होती, पाहुण्यांपुढे ताटं मांडता मांडता 'सांग ना ते तिकिटाचं' म्हणून आग्रह केला होता. पण त्याचा हात माझ्या हातात होता, आणि हातात हात असताना भांडता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "चल. तिला सांग."

"आत्ता?"

"आत्ता. ती आयुष्याचा निर्णय त्याच्यावर बेतून बसलीये."

चौकात लेक त्या जोडप्याबरोबर बसली होती. बापाला बघताच ताडकन उठली, आणि मग थांबली, जवळ यावं की नाही हे न कळून. यॉर्कशरच्या बाई आपल्या मिस्टरांना घेऊन शांतपणे दुसऱ्या टेबलावर गेल्या. नवऱ्यानं खुर्चीत बसायच्या आधीच तिला सांगितलं. मध्ये थांबला नाही, सावरासावर केली नाही.

लेक ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं होतं ती रडेल. ती भडकली.

"म्हणजे तुझ्याकडे बॅकअप होता. ऑल दॅट टाइम. नोकरी पण, तिकीट पण."

"हो."

"आणि मला सांगितली, ठेवू नको."

"हो."

"बाबा, दॅट्स सो…" तिला शब्द सापडेना, ना इंग्लिशमध्ये ना मराठीत. ती तडक चौकातल्या कारंज्यापर्यंत गेली. तिथे पाठ करून उभी राहिली. आम्ही दोघं खुर्चीच्या कडेवर बसून होतो. गाईड लांबून घड्याळाकडे बघत होती, पण जवळ आली नाही. मला एकदा उठावंसं वाटलं. नवऱ्यानं माझा हात धरला. "राहू दे तिला."

ती परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केसांच्या टोकांवरून पाणी गळत होतं. तिनं टेबलावरचा बापाचा फोन उचलला.

"ॲनिमल सायन्स घेतेस?" मी विचारलं. माझ्या आवाजात आशा होती, ती तिनं ओळखली.

"नाही. मला एक विचारायचंय त्यांना. तुम्ही दोघं बोलू नका. मान पण हलवू नका."

ह्या वेळी ती फोन घेऊन थोडी बाजूला गेली. संगीत, थांबणं, मग तिचा आवाज. आम्हाला तुटक तुटक ऐकू येत होतं. केमिस्ट्रीची परीक्षा पुन्हा दिली तर पुढच्या वर्षी अर्ज घेता का? मधल्या वर्षात कुठलं काम केलं तर चालेल? तिनं टिश्यूपेपरवर काहीतरी खरडलं. थँक यू म्हणाली.

"ते खात्री नाही देत," ती येऊन म्हणाली. "पण अर्ज करता येते. मी एक वर्ष थांबणार. परीक्षा परत देणार. आणि गाईंच्या कुठल्या तरी फार्मवर काम करणार."

नवऱ्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"मी तुला विचारत नाहीये, बाबा. सांगतेय."

"ठीक आहे म्हटलं ना."

गाईडनं निघायच्या आधी आम्हाला जबरदस्तीनं खायला बसवलं. तिकडचं ते पावाचं सूप, शिळा पाव, लसूण, वर अंडं, आणि ढीगभर कोथिंबीर. कोथिंबिरीच्या त्या घरच्या वासानं मला एकदम भरून आलं.  लेक आणि तिचा बाप एकमेकांकडे न बघता जेवले, पण दोघांनीही वाडगा पुसून काढला.

परतीच्या रस्त्यावर नवरा गाडी लागते तरी मागे येऊन बसला, माझ्या पलीकडे. पुढची सीट यॉर्कशरच्या गृहस्थांना मिळाली. त्यांचं लिस्बनमधलं जेवणाचं बुकिंग आमच्यामुळे चुकणार होतं. त्याबद्दल ते बायकोला एकदाच म्हणाले, आणि पुलावर येईपर्यंत झोपून गेले. बापलेक दोघंही जागे होते. बोलले नाहीत.

ते न बोलणं घरी आल्यावरही पुष्कळ दिवस चाललं. रीडिंगला परतल्यावर आधी घरात कडाक्याची शांतता, मग थोडं थोडं कामापुरतं. ग्रुपवर काय टाकायचं ह्यावरून आमचं दोघांचं एकदा जोरात वाजलं. शेवटी त्यानं लिहिलं, ह्या वर्षी झालं नाही, पुढच्या वर्षी बघू. एकदोघांनी फोन करून सांत्वन केलं. तो सगळ्यांना म्हणाला, "तिचा निर्णय आहे." गणपतीत त्यानं ती तिकिटाची गोष्ट सांगितली नाही, आणि कुणी आग्रह केला तर मी चहा घेऊन मध्ये जायचे.

लेकीला शहराबाहेर एका डेअरीवर काम मिळालं. बस तिथे जात नाही, आणि तिनं स्वतः गाडी चालवायची तर तिच्या वयाला विमा परवडेना. हिवाळ्यात, उजाडायच्या आधी, कोणी तरी सोडायला हवं. पहिले काही दिवस मी गेले, मग मला फ्लू झाला आणि तो गेला. मी बरी झाल्यावरही तोच जात राहिला. त्या गाडीत ते काय बोलायचे मला माहीत नाही. गाडीला शेणाचा वास यायला लागला तो मात्र आजतागायत गेलेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिला केमिस्ट्रीत ए मिळाला. एव्होराच्या चौकातून तिनं फोन केलेल्या विद्यापीठानं तिला घेतलं नाही. स्कॉटलंडमधल्या एकानं घेतलं, व्हेटरनरीलाच. निकालाच्या सकाळी ती डेअरीवरच होती. मी किचनमध्ये, नवरा ऑफिसात. तिनं आधी त्याला फोन केला, मग मला. मी रागावले नाही. थोडंसं वाईट वाटलं, ते तिला सांगितलं नाही.